पाणघोड्याची आखणी

"उभा कशाला? बसलेला बरा," आप्पा म्हणाले. "बसला की पोट कसं छान सुटतं, चेहऱ्याला शोभा येते. शिवाय ट्रकात हलत नाय."

"आप्पा, पाणघोडा आहे तो," डॉक्टर सबनीसबाई म्हणाल्या. "पाणघोडा पाटावर बसत नाही."

"पाट कोण म्हणतंय? जरासा टेकलेला. लोडाला."

बाईंनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिनंच वारा घेतला. "मांजरा नदीच्या काठी ह्याची हाडं मी माझ्या हातांनी काढली आहेत. लोड कुठेच सापडला नाही."

आमच्या कारखान्यात आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, असं तोंडावर कोणी बोलत नसे. मी पॉलिशचा कागद खाली ठेवला आणि ऐकत बसले. चंद्राकाकू तर हातातला ब्रश रंगात बुडवायचा विसरून कोरडाच फिरवत होती.

याला आता बरीच वर्षं झाली. आम्ही पेणचे. तीन पिढ्या गणपती करणारे. गणपती, आणि मागणी आली तर गौरीचे मुखवटे. तिसरं काही आमच्या हातून कधी घडलं नव्हतं. सबनीसबाई पुण्याच्या. हाडं उकरून जुनी जनावरं शोधून काढणं हा त्यांचा व्यवसाय. तिथल्या एका संग्रहालयात त्यांना एक नवं दालन उभं करायचं होतं. आपल्या मुलखात एके काळी हिंडत होती आणि हिमयुग सरता सरता जी कायमची नाहीशी झाली, अशी जनावरं, जिवंत असताना होती तेवढी मोठी करून. शिल्पकारांनी त्यांना वर्षाची मुदत सांगितली होती. मग कोणीतरी म्हणालं, पेणला जा, ते लोक दिवसाला शंभर हत्तींची तोंडं करतात. बाई आल्या. गणपती नुकतेच संपले होते, कारखाना रिकामा होता आणि आप्पांना रिकामं बसवत नसे. त्यांनी काम घेतलं.

पहिला हत्ती केला. सरळ सुळ्यांचा, आताच्या हत्तीहून कितीतरी थोराड. हत्तीचं तोंड म्हणजे आमच्या घरचंच, तेव्हा आप्पांनी बाईंची चित्रं उघडूनही पाहिली नाहीत. बाई बघायला आल्या, भोवती एक चक्कर मारली आणि उजव्या सुळ्यापाशी थांबल्या.

"हा मोडला का?"

"मोडलेला नाय. तो तसाच असतो."

"कोणाचा?"

आप्पांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, हत्तीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुपचूप तो सुळा पुरा करून दिला. सोंड मात्र डावीकडे वळलेलीच राहिली. ती सरळ करायला त्यांनी साफ नकार दिला, आणि बाईंनीही, हत्ती सोंड कुठेही वळवू शकतो, असं म्हणून ते मान्य केलं.

दुसरा शहामृग. खानदेशात त्याच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले होते म्हणे, म्हणजे पक्षी इथलाच. त्याचे ते काडीसारखे पाय आप्पांना मुळीच पसंत पडले नाहीत. उभी मूर्ती वाटेत मोडते ही त्यांची जन्माची धास्ती. त्यांनी त्याच्या पाठीमागे एक जाडजूड खांब उभा केला, आणि खांब नुसता बरा दिसत नाही म्हणून वर प्रभावळ केली. ती काढताना बाई आणि आप्पा यांचं जे काही झालं त्यानंतर दोघं एकमेकांशी चांगले बोलू लागले.

आणि तिसरा हा पाणघोडा. तो शेवटी चार पायांवर उभा राहिला. पोट मात्र आप्पांनी आपल्याच मनासारखं केलं.

आता माझं सांगते. कारण पाणघोडा उभा राहो नाहीतर लोळो, माझा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता.

आमच्या धंद्यात डोळे रंगवण्याला आखणी म्हणतात. बाकी सगळं शिकवता येतं. साचा कोणीही भरतो, पितांबर कोणीही पिवळं करतो. पण डोळे चुकले की गणपती नुसता प्लास्टरचा गोळा. आमच्या कारखान्यात आखणी आप्पा करत, त्यांच्याआधी आजोबा. बायकांनी घासायचं, रंगवायचं, दागिन्यांवर सोनेरी ओढायची. डोळ्यांना हात लावायचा नाही. पेणात बाकी ठिकाणी असं होतं असं नाही, पण आमच्याकडे होतं, आणि का, ते कोणी विचारलं नव्हतं. मी लहानपणापासून आप्पांच्या उजव्या हाताला बसून बघत आले होते. आधी पांढरं, मग बुबुळ, मग वरच्या पापणीची एका दमात ओढलेली रेघ, कोपऱ्यात किंचित लाली, आणि शेवटी श्वास धरून ठेवलेला तो पांढरा ठिपका. ठिपका पडला की समोरचा आपल्याकडे बघू लागतो. मला दुसरं काहीही नको होतं. मुंबईचं स्थळ सांगून आलं तेव्हा मी पहिला प्रश्न केला, तिकडे कारखाना आहे का. स्थळ परत गेलं.

आप्पांच्या चष्म्याचा नंबर वाढत चालला होता. त्या दिवाळीला जेवताना त्यांनी सांगून टाकलं, "येत्या हंगामाला आखणी दिगू करील."

दिगू म्हणजे माझा आतेभाऊ दिगंबर. मनाने चांगला, अंगाने धट्टाकट्टा, मूर्ती उचलायला एकदम लायक. पण त्याने सरावासाठी केलेले दहा गणपती ओळीने मांडले होते, आणि त्यातला प्रत्येक जण स्वतःच्या सोंडेच्या टोकाकडे बघत होता. मी ताटावरून उठले. आप्पांनी का उठलीस म्हणून विचारलं नाही, म्हणजे त्यांना कळलं होतं.

म्हणून पाणघोड्याच्या डोळ्यांची वेळ आली आणि दिगू म्हणाला, "मामा, मी जनावराचे नाय करणार, हात बिघडतो," तेव्हा मी पुढे झाले.

"मी करू?"

आप्पांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. "कर. जनावराच्या डोळ्यांना काय आखणी म्हणत नाहीत. नुसतं रंगवायचं."

मला तेवढं पुरे होतं. हे चांगले वठले तर पुढचं बोलता येईल, एवढाच माझा हिशेब. बाईंनी फोटो दिले होते, परदेशातल्या जिवंत पाणघोड्यांचे. डोळे बटबटीत, डोक्यावर पार उंच बसवलेले. बाईंनी बजावलंही होतं, "भाबडा नकोय हं मला. दिसतो आळशी, पण महातापट प्राणी. नदीत माणसाची होडी उलटी करतो."

मी फोटो समोर टांगला. स्टुलावर चढले. आप्पांचा खारीच्या केसांचा कुंचला हातात घेतला, तो त्यांनी न मागता दिला होता. पांढरं दिलं. बुबुळ भरलं. इथपर्यंत सगळं फोटोप्रमाणे. मग पापणीची रेघ आली, आणि रेघ ओढताना मी फोटोकडे पाहिलंच नाही. रेघ हातात होती, ती उतरली. कोपऱ्यात लाली दिली. श्वास धरला आणि ठिपका ठेवला.

स्टुलावरून उतरले आणि मागे वळले. चंद्राकाकूने चपला काढल्या होत्या.

"काकू, काय हे? पाणघोडा आहे तो."

"असू दे गो," ती म्हणाली. "बघतोय ना."

बघत होता. जबडा हा एवढा, नाकपुड्या घमेल्याएवढ्या, आणि त्यांच्यावर ते दोन डोळे, अर्धे मिटलेले, शांत, जगातल्या प्रत्येकाचं सगळं पोटात घालणारे. संध्याकाळपर्यंत त्याच्या पायाशी जास्वंद येऊन पडली. शेजारच्या पुष्पावहिनी मुलीची परीक्षा होती म्हणून तिला घेऊन आल्या. कोणीतरी नारळ ठेवला. आप्पा आले, त्याच्यासमोर उभे राहिले, चष्मा वर केला, खाली केला आणि एक शब्द न बोलता जेवायला गेले.

चांगलं की वाईट, काही तरी बोलायचं होतं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. दारातून पाणघोडा दिसला आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. दाराची चौकट धरून त्या हसल्या, चष्मा काढून हसल्या. मग डोळे पुसत जवळ आल्या आणि बघता बघता गंभीर झाल्या.

"कुंदा, तू केलेस?"

"हो."

"सुंदर आहेत. पण हा देव झाला गं. मला जनावर हवं होतं."

मी मान खाली घातली.

"हे बघ, रागावले नाही मी. पण माझ्या दालनात लोक येतील, ह्याच्यासमोर हात जोडतील आणि पुढे जातील. एकदा हात जोडले की माणूस काही विचारत नाही. मला त्यांनी विचारायला हवंय. हा आपल्या गोदावरीत डुंबत होता, मग गेला कुठे? का गेला? अख्ख्या आशियात आज एक नाही, शहामृग नाही, हे का झालं? ह्याच्या डोळ्यांकडे बघून कोणाला हा प्रश्न पडेल? ह्याचं तर सगळं छान चाललंय." त्यांनी आप्पांकडे पाहिलं. "डोळे पुसून दुसरे करायला हवेत."

"मी पुसतो," दिगू तत्परतेने म्हणाला. "टर्पेंटाइन लावलं की झालं."

"हात लावशील तर बघ," आप्पा म्हणाले.

ते एवढ्या हळू बोलले की दिगूने हातातली बाटली दोन्ही हातांनी धरली.

"बाई, आमच्या घरची रीत हाय. डोळे उघडले की उघडले. पुसायचे नाहीत. मूर्ती चुकली, तडकली, गिऱ्हाईकाला पसंत नाय पडली, तर पाण्यात सोडायची आणि दुसरी करायची. पण बघणाऱ्याचे डोळे काढायचे नाहीत."

"ही मूर्ती नाही, आप्पा."

"ते मला नका सांगू. तिला सांगा," आप्पा म्हणाले आणि चंद्राकाकूकडे बोट दाखवलं. काकू पाणघोड्याला हळदकुंकू वाहत होती.

मला मात्र एवढंच कळलं की माझं संपलं. आमच्याकडे हंगामाआधी मूर्ती पाण्यात जाणं म्हणजे नाचक्की. दिगूचे सोंडेकडे बघणारे दहाही गणपती तसेच फळीवर होते, एकही पाण्यात गेला नव्हता. एक जनावर रंगवायला सांगितलं तर तेही मला जमलं नाही, आणि आता सगळं गाव ते वाजतगाजत बघणार. मी पाठीमागच्या पडवीत गेले आणि पोटभर रडले. बाई मागून आल्या, शेजारी बसल्या.

"मी थांबतेय हं," त्या म्हणाल्या. "महाराष्ट्रातल्या नदीत पाणघोडा उतरताना बघायचं भाग्य हिमयुगानंतर कोणाला लाभलंय? मी नाही चुकवायची."

मला रडता रडता हसू आलं, आणि त्या हसण्याचा मला रागही आला.

उन्हं कलल्यावर टेम्पो आणला. दिगूने आणि गल्लीतल्या पोरांनी पाणघोडा चढवला. मार्गशीर्षात विसर्जन म्हटल्यावर अख्खं पेण दारात आलं. ताशेवाले घरीच बसून होते, ते न बोलावता आले. आता मिरवणूक म्हटली की घोषणा हवी. एकाने सवयीने "गणपती बाप्पा" म्हटलं, पण "मोरया" म्हणायला कोणी पुढे होईना. मग कोणीतरी "पाणघोडा महाराज की" असं ओरडलं, त्याला "जय" मिळाला आणि तेच चालू झालं. बाई टेम्पोत पाणघोड्याच्या मानेला धरून उभ्या होत्या, टोपीवर गुलाल. आप्पा पुढे चालत होते. मी सगळ्यांत मागे.

गावच्या भोगावती नदीच्या डोहावर आरती कोणती म्हणायची यावरून थोडी वादावादी झाली, शेवटी नुसता कापूर लावला. पोरांनी पाणघोडा उतरवून पाण्यात नेला. आणि त्याला ढकलताना, हातांना सवयच ती, तोंडांनाही सवयच, सगळे एका आवाजात ओरडले, "पुढच्या वर्षी लवकर या!"

बाई हसत होत्या, त्या एकदम थांबल्या.

"नाही येणार," त्या म्हणाल्या. कोणाला उद्देशून नव्हे. "हेच तर सांगायचंय मला. हा पुढच्या वर्षी नाही येणार."

ताशे वाजत होते म्हणून ते मला आणि आप्पांनाच ऐकू आलं. आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. आमच्या धंद्यात सोडलेला परत येतो, यावरच सगळं चाललेलं. न येणाऱ्याचं काय करायचं ते आप्पांना माहीत नव्हतं. त्यांनी उगाच धोतराचा सोगा वर खोचला.

तेवढ्यात पोरांची ओरड झाली. पाणघोडा बुडत नव्हता. आत काथ्या आणि बांबू, बाहेर प्लास्टरचा पातळ थर, पोट तर आप्पांच्या कृपेने हे एवढं पोकळ. तो निम्मा खाली गेला, डुचमळला, दिगूने पाठीवर चढून दाबून पाहिला, दिगू पडला, पाणघोडा नाही. मग हळूहळू गोल फिरून तो स्थिर झाला. अंग सगळं पाण्याखाली. वर फक्त नाकपुड्या, कान आणि डोळे.

"असाच!" बाई चपलांसकट पाण्यात शिरल्या. "आप्पा, अगदी असाच! म्हणून डोळे वर असतात त्याचे! नदीवर पाणी प्यायला आलेल्या माणसाला हा एवढाच दिसत असणार!"

ताशे थांबले. संथ पाण्यातून ते दोन डोळे आमच्याकडे बघत होते, आणि मघाशी गुलाल उधळणारी माणसं आता हात जोडायचं विसरून नुसती बघत उभी होती. पुष्पावहिनींच्या मुलीने विचारलं, "आई, हे खरंच इथे होते? मग गेले कुठे?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझा दंड घट्ट धरला.

आप्पा मात्र वेगळंच काही करत होते. काठाकाठाने ते पार वळणापर्यंत गेले, तिथून पाणघोड्याकडे पाहिलं. परत आले, पुलाच्या बाजूला गेले, तिथून पाहिलं. मग गुडघाभर पाण्यात उतरून, मान तिरपी करून पाहिलं. मला माहीत होतं ते काय करतायत. आखणी झाली की आप्पा प्रत्येक मूर्तीपुढे असेच इकडून तिकडे चालत. आपण जाऊ तिकडे डोळे मागोमाग यायला हवेत. चालून झालं की ते मान हलवत, कधी हो, कधी नाही. ह्या वेळी त्यांनी मान हलवलीच नाही. ते बाहेर आले आणि बाईंसमोर उभे राहिले.

"दुसरा करून देतो. साचा हाय, वेळ नाय लागायचा. डोळे दिगू करील."

दिगू काठावर भिजून बसला होता, तो खूश झाला. "तापट करतो, बाई. एकदम तापट."

"सोंडेकडे बघायला नको म्हणजे झालं," चंद्राकाकू पुटपुटली.

"आणि कुंदा?" बाईंनी विचारलं. त्या आप्पांवर रागावल्या होत्या, ते त्यांच्या आवाजात कळत होतं. "तिला दुसरी संधी नाही द्यायची?"

आप्पांनी डोहाकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच, काल दुपारपासून पहिल्यांदाच, माझ्याकडे पाहिलं.

"काय करणार, बाई," ते म्हणाले, "जनावराचे डोळे हिला जमतच नाहीत. आता हंगामाला देवाचेच करू देत." आणि धोतर पिळत ते टेम्पोकडे चालू लागले.